साठ की एकोणसाठ? १८८४ सालच्या एका विक्रमाचा हिशोब

मंडळी, आज जरा लांबचा विषय घेतोय. लांबचा म्हणजे अमेरिकेतला, आणि तोही १४० वर्षांपूर्वीचा. पण शेवटपर्यंत वाचा, विषय वाटतो तितका परका नाही.

बेसबॉलमध्ये एक विक्रम आहे. एका मोसमात सर्वात जास्त सामने जिंकून देणारा पिचर कोण? उत्तर : चार्ल्स रॅडबर्न, संघ प्रॉव्हिडन्स ग्रेज, साल १८८४, विजय ५९. काही पुस्तकं हाच आकडा ६० सांगतात. हा विक्रम आजवर कोणी मोडला नाही आणि पुढे कोणी मोडणार नाही, हे बेसबॉलवाले छातीठोकपणे सांगतात. एका मोसमात तीसचा आकडा गाठणारा शेवटचा पिचर म्हणजे डेट्रॉइटचा डेनी मॅकलेन, १९६८ साली, ३१ विजय. त्यानंतर तिशीसुद्धा कोणी पाहिलेली नाही. म्हणजे एकोणसाठ तर सोडाच.

असा आकडा दिसला की आपण काय करतो? तोंडात बोट घालतो आणि म्हणतो, काय माणसं होती ती! मग पोस्टर बनतं, त्यावर 'मेहनत करा, यश मिळेल' असं काहीतरी लिहिलं जातं. पण हा माणूस एकटाच एवढे सामने का टाकत होता? दुसरं कोणी नव्हतं का? आणि त्याने ते कशाच्या बदल्यात केलं? हे प्रश्न विचारले की विक्रमाच्या मागे एक करार दिसतो, आणि कराराच्या मागे मालक-मजूर हे आपल्या ओळखीचं प्रकरण दिसतं.

आधी खेळ समजून घेऊ. क्रिकेटमध्ये सामना संघ जिंकतो, बॉलरच्या नावावर फक्त विकेटा लागतात. बेसबॉलमध्ये पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, आणि तिथे प्रत्येक जिंकलेला सामना एका पिचरच्या नावावर मांडतात. हरलेला सामनाही तसाच एकाच्या माथी मारतात. बाकीचे आठ जण मैदानात असतात, धावा तेही काढतात, झेल तेही घेतात, पण खातेवहीत नाव पिचरचं. ही पद्धत लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आता १८८४ चा बेसबॉल कसा होता ते बघा. आजचा पिचर साडेसाठ फुटांवरून चेंडू टाकतो. तेव्हा जमिनीवर एक चौकट आखलेली असायची आणि तिची पुढची रेघ फलंदाजापासून ५० फुटांवर. हात खांद्याच्या वर नेऊन चेंडू टाकायची परवानगी नॅशनल लीगने त्याच वर्षी दिली होती. चेंडू आपल्याला उंच हवा की खाली, हे फलंदाज आधी सांगू शकत होता आणि पिचरला तसा टाकावा लागे. बहुतेक क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी झेल घ्यायचे. यष्टिरक्षकासारखा मागे बसणारा जो कॅचर, तो फार तर पातळ चामड्याचे मोजे घालायचा. बोटं मोडणं ही रोजची गोष्ट.

आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे सामना चालू असताना बाहेरचा ताजा खेळाडू आत आणायची मुभा जवळपास नव्हतीच. कोणी जखमी झाला तर गोष्ट वेगळी. पिचर थकला तर मैदानातल्याच दुसऱ्या एखाद्याशी जागा बदलायची, एवढाच मार्ग. संघ छोटे, पैसा थोडा, त्यामुळे एका संघात खरे पिचर दोनच. एक दिवस हा टाकणार, दुसऱ्या दिवशी तो.

त्यात १८८४ हे साल वेगळंच होतं. नॅशनल लीगने एका मोसमातले सामने ९८ वरून ११२ केले. शेजारी अमेरिकन असोसिएशन ही दुसरी लीग होतीच. आणि सेंट लुईसच्या हेन्री लुकस नावाच्या तरुण श्रीमंताने युनियन असोसिएशन नावाची तिसरी लीग काढली. सामने वाढले, संघ वाढले, पिचर मात्र तेवढेच. मग काय झालं? जे होते ते राबले.

त्या वर्षीची विजयांची यादीच बघा ना :

रॅडबर्न, प्रॉव्हिडन्स : ५९
गाय हेकर, लुईव्हिल : ५२
चार्ली बफिंटन, बॉस्टन : ४८
पड गॅल्विन, बफेलो : ४६
चार्ली स्वीनी, प्रॉव्हिडन्स आणि सेंट लुईस मिळून : ४१
बिल स्वीनी, बाल्टिमोर : ४०
मिकी वेल्श, न्यूयॉर्क : ३९
टिम कीफ आणि जॅक लिंच, न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्स : प्रत्येकी ३७
टोनी मुलेन, टोलेडो : ३६

म्हणजे रॅडबर्न हा काही आभाळातून पडलेला एकटा राक्षस नव्हता. त्या वर्षी सगळेच जण घाण्याला जुंपलेले होते, तो त्यात सर्वात पुढे होता. या यादीतल्या दोन-तीन नावांकडे आपण पुढे परत येऊ.

आता प्रॉव्हिडन्सकडे वळू. ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सर्वात लहान राज्य, त्याची ही राजधानी. कापड गिरण्या, यंत्रांचे कारखाने, दागिन्यांचे कारखाने, असं कामगारांचं गाव. रॅडबर्न मूळचा तिथला नव्हे. जन्म १८५४ चा, न्यूयॉर्क राज्यातला, पण वाढला इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला. बाप खाटीक होता. पोरगा अबोल, तापट, दारूचा शौकीन आणि स्वतःची किंमत पक्की ओळखून असलेला. त्याला 'ओल्ड हॉस' म्हणत, म्हणजे म्हातारा घोडा. मालकाला हवा तेवढा राबणारा घोडा, असा अर्थ त्यात आपसूक आलाच. तेव्हा तो अवघा २९ वर्षांचा होता.

संघात दुसरा पिचर होता चार्ली स्वीनी. एकवीस वर्षांचा, कॅलिफोर्नियाचा, हात विलक्षण. ७ जून १८८४ ला त्याने बॉस्टनविरुद्ध एका सामन्यात १९ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडूवर बॅट न लागू देता बाद केलं. नऊ डावांच्या सामन्यात हा आकडा पुढे शंभर वर्षं कोणी ओलांडला नाही. १९८६ साली रॉजर क्लेमेन्सने २० केले तेव्हा कुठे तो मागे पडला.

एका म्यानात दोन तलवारी. स्वीनीचं कौतुक व्हायला लागलं तसा रॅडबर्न धुमसायला लागला. सामना आपल्याला जास्त टाकावा लागतो, पगार तोच, वर कौतुक दुसऱ्याचं. १६ जुलैला बॉस्टनविरुद्ध सामन्यात तो भडकला आणि वेडेवाकडे चेंडू टाकून सामना घालवला असा ठपका आला. क्लबने त्याला निलंबित केलं, पगार बंद.

म्हणजे आता उरला एकटा स्वीनी. आणि सहाच दिवसांनी, २२ जुलैला, स्वीनी दारू पिऊन मैदानात उतरला. सामना फिलाडेल्फियाशी, प्रॉव्हिडन्स पुढे होतं. मॅनेजर फ्रँक बँक्रॉफ्टने त्याला सांगितलं, तू आता उजव्या बाजूला क्षेत्ररक्षणाला जा, उरलेला सामना मिलर टाकेल. स्वीनीने नकार दिला, भांडला आणि सरळ मैदान सोडून निघून गेला. बदली खेळाडू आणता येत नव्हता. प्रॉव्हिडन्सने उरलेला सामना आठ जणांत खेळला आणि हरला. स्वीनीला क्लबने हाकलून दिलं. तो थेट हेन्री लुकसच्या सेंट लुईस संघात जाऊन बसला.

एक पिचर निलंबित, दुसरा पळालेला. क्लबच्या संचालकांची बैठक बसली आणि संघच बंद करून टाकावा का, इथपर्यंत गोष्ट गेली. अशा वेळी बँक्रॉफ्ट रॅडबर्नकडे गेला.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचा सौदा कळणार नाही.

१८७९ साली नॅशनल लीगच्या मालकांनी आपापसांत एक गुपचूप समझोता केला होता. प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू 'राखीव' म्हणून नोंदवायचे आणि इतर कोणत्याही संघाने त्यांना हात लावायचा नाही. १८८३ पर्यंत ही संख्या अकरावर गेली, म्हणजे जवळपास अख्खा संघ. आयपीएलमुळे 'रिटेन' हा शब्द आपल्याला पाठ झालाय. पण इथे गंमत अशी होती की करार एका मोसमाचा, आणि बंधन आयुष्यभराचं. मोसम संपला की मालक तुम्हाला काढू शकत होता. तुम्ही मात्र मालकाला सोडू शकत नव्हता. सोडलं तर दुसरीकडे कुठेही काम नाही, कारण सगळे मालक एक. आपल्याकडचा सालगडीसुद्धा उचल फिटलेली असेल तर पाडव्याला दुसऱ्याच्या शेतावर जाऊ शकतो. इथे पाडवा येतच नव्हता.

मग मालक हे उघडपणे कसं पटवत होते? तर ते म्हणत, हे खेळाच्या भल्यासाठी आहे. खेळाडू मोकळे सोडले तर पगार वाढतील, छोटे संघ बुडतील, प्रेक्षकांचं नुकसान होईल. ओळखीचं वाटतंय ना? कामगाराने किंमत मागितली की धंदा बुडतो, हा युक्तिवाद कुठल्याही शतकात जुना होत नाही. यात काहीच तथ्य नव्हतं असंही नाही. संघ खरोखरच दर दोन-तीन वर्षांनी बंद पडत होते. पण धंद्यातला सगळा धोका खेळाडूच्या मानेवर ठेवून तो सांभाळायचा, हा कुठला न्याय?

तर जुलै १८८४ मध्ये रॅडबर्नने काय मागितलं? जास्त पैसे मागितलेच. स्वीनीच्या वाट्याचं काम करतो तर स्वीनीच्या वाट्याचा पगारही द्या, हे सरळ गणित. पण त्याहून मोठी मागणी दुसरीच होती. मोसम संपल्यावर मला राखीव यादीतून मोकळं करा. उरलेले सामने मी टाकतो, तुम्हाला अजिंक्यपद मिळवून देतो, पण मग मी माझा मालक.

आणि क्लबने ते मान्य केलं. का केलं? दया आली म्हणून नव्हे. तिसरी लीग उभी होती म्हणून. लुकसची युनियन असोसिएशन राखीव नियम मानत नव्हती. स्वीनी तिकडे गेलाच होता, उद्या रॅडबर्नही गेला असता. दुसरा दरवाजा उघडा होता म्हणून पहिल्या दरवाजातल्या माणसाला वाटाघाटीला बसावं लागलं. माझ्या मते हा या सगळ्या कहाणीचा गाभा आहे, आणि तो कुठल्याही पोस्टरवर येत नाही.

त्यानंतर जे झालं तो इतिहास आहे. ऑगस्ट, सप्टेंबर, जवळपास रोज एकच माणूस चौकटीत उभा. ऑगस्टच्या सुरुवातीपासून प्रॉव्हिडन्सने सलग २० सामने जिंकले, त्यातले १८ रॅडबर्नचे. त्याचा हात इतका दुखायचा की सकाळी केस विंचरायलासुद्धा वर जात नव्हता, असं पुढे सांगितलं गेलं. मग तो मैदानावर लवकर यायचा, आधी अगदी जवळून हळूहळू चेंडू टाकायचा, अंतर वाढवत न्यायचा, हात मोकळा झाला की सामना सुरू. वेदनेवर उपाय काय, तर आणखी काम.

मोसम संपला तेव्हा प्रॉव्हिडन्स ८४ विजय, २८ पराभव. दुसऱ्या नंबरचा बॉस्टन साडेदहा सामने मागे. रॅडबर्नने ७३ सामने सुरू केले आणि ७३ च्या ७३ शेवटपर्यंत टाकले, एकही अर्धवट सोडला नाही. एकूण ६७८ डावांहून जास्त, ४४१ स्ट्राइकआउट. आज एखाद्या पिचरने वर्षात २०० डाव टाकले तर त्याला राबणारा म्हणतात. हा त्याच्या तिपटीहून जास्त.

ऑक्टोबरमध्ये दोन लीगच्या विजेत्यांची लढत ठरली. नॅशनल लीगचा प्रॉव्हिडन्स विरुद्ध अमेरिकन असोसिएशनचा न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्स. समोर तेच कीफ आणि लिंच, ३७-३७ वाले. २३, २४ आणि २५ ऑक्टोबर, तीन दिवस तीन सामने. तिन्ही सामने रॅडबर्नने टाकले, तिन्ही जिंकले.

आता तो साठ-एकोणसाठचा घोळ. २८ जुलैचा सामना, फिलाडेल्फियात. सुरुवातीचे पाच डाव सायक्लोन मिलरने टाकले आणि प्रॉव्हिडन्स पुढे असताना तो बाजूला झाला. उरलेले चार डाव रॅडबर्नने टाकले, समोरच्याला एकही धाव न देता. प्रॉव्हिडन्स जिंकलं. विजय कोणाचा? जुन्या हिशोबाने रॅडबर्नचा, कारण शेवटी सामना त्याने आवरला. आजच्या नियमाने मिलरचा, कारण पाच डाव टाकून, आघाडी घेऊन तो गेला आणि ती आघाडी पुढे गेली नाही. म्हणून कुठे ६०, कुठे ५९. मैदानात घडलेलं तेच आहे, बदलली ती फक्त खातेवही.

बघा, सामना नऊ जणांनी खेळायचा, त्यातला विजय एकाच्या नावावर लिहायचा, आणि तो एक कोण हे मागाहून ठरलेल्या नियमाने बदलणार. आकडा वाटतो दगडासारखा, पण त्याच्या खाली माणसाने केलेला निवाडा असतो. नावावर कोणाच्या लागतं, हा प्रश्न खेळात काय आणि सरकारी कार्यालयातल्या फायलीत काय, सारखाच.

या प्रश्नाचं सर्वात बोचरं उत्तर त्याच यादीत तळाला आहे. टोनी मुलेन, टोलेडो, ३६ विजय. टोलेडो त्या वर्षी एकूण ४६ सामने जिंकलं, म्हणजे चारातले तीन मुलेनच्या नावावर. त्याच संघात एक कॅचर होता, मोझेस फ्लीटवूड वॉकर. ओबर्लिन कॉलेजात शिकलेला, कृष्णवर्णीय. त्या वर्षी तो मोठ्या लीगमध्ये ४२ सामने खेळला. त्याचा भाऊ वेल्डेही काही सामने खेळला.

पिचर आणि कॅचर यांचं नातं कसं असतं? कॅचर बोटांनी खूण करतो, कुठला चेंडू टाकायचा ते सांगतो. त्याला आधी कळलेलं असतं म्हणून तो उघड्या हाताने भरधाव चेंडू पकडू शकतो. पुढे म्हातारपणी, १९१९ साली, मुलेनने स्वतः कबूल केलं की वॉकर हा मी पाहिलेला सर्वात चांगला कॅचर होता, पण काळ्या माणसाच्या खुणा मी पाळायचो नाही. खूण न बघता मनाला येईल तो चेंडू टाकायचो. आणि वॉकर तो पकडायचा. काय येणार हे माहीत नसताना, त्या हातांनी. मुलेनच्या ३६ मधले किती विजय त्या सुजलेल्या बोटांवर उभे आहेत, याचा रकाना कुठल्याच पुस्तकात नाही.

मोसमाच्या शेवटी टोलेडोच्या मॅनेजरला रिचमंडहून धमकीचं पत्र आलं. वॉकरला मैदानात उतरवलंत तर जमाव हल्ला करेल. तोवर वॉकर दुखापतीने संघाबाहेर गेला होता. त्यानंतर मोठ्या लीगचे दरवाजे कृष्णवर्णीयांना मालकांच्या तोंडी समझोत्याने बंद झाले ते १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत. त्रेसष्ट वर्षं. राखीव नियम निदान कागदावर तरी लिहिलेला होता. हा नियम तर लिहायचीही गरज पडली नाही. काहींना बांधून ठेवायचं आणि काहींना आतच येऊ द्यायचं नाही, दोन्ही कामं त्याच मालकवर्गाने केली. मात्र दुसऱ्या कामात त्यांना अनेक गोऱ्या खेळाडूंचीही साथ होती, हेही विसरून चालणार नाही.

१८८४ च्या त्या कामाची किंमत पुढे काय पडली? बाल्टिमोरचा बिल स्वीनी, ४० विजयांचा मानकरी, त्यानंतर मोठ्या लीगमध्ये पुन्हा कधीच दिसला नाही. एका वर्षात चाळीस, आणि पुढे शून्य. बॉस्टनचा बफिंटन ४८ वरून पुढच्याच वर्षी २२ वर आला आणि २७ हरला. लुईव्हिलचा हेकर ५२ वरून ३० वर. चार्ली स्वीनीचा तो सोन्यासारखा हात दोन-तीन वर्षांत संपला. पुढे १८९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत दारूच्या गुत्त्यावरच्या भांडणात त्याच्या हातून एक माणूस मेला, तुरुंगवास झाला, आणि १९०२ मध्ये तो वारला. चाळिशीही गाठली नाही. रॅडबर्न स्वतः ५९ वरून २८ वर.

आणि त्याने जिंकलेली मोकळीक? ती फार टिकली नाही. युनियन असोसिएशन एकाच मोसमात बुडाली. राखीव नियमाविरुद्ध दंड थोपटून उभा राहिलेला हेन्री लुकस स्वतःचा सेंट लुईस संघ घेऊन नॅशनल लीगमध्ये सामील झाला. म्हणजे बंडखोर मालक शेवटी मालकांच्याच पंगतीला जाऊन बसला. रॅडबर्न १८८५ ला प्रॉव्हिडन्सकडेच खेळला. त्या वर्षीच्या शेवटी प्रॉव्हिडन्स ग्रेज हा संघच मोडीत निघाला, आणि बॉस्टनने तो विकत घेतला तो मुख्यतः रॅडबर्न मिळावा म्हणून. एका वर्षापूर्वी 'मी माझा मालक' म्हणणारा माणूस, सामानासकट विकला गेला.

पण खेळाडू गप्प बसले नाहीत. १८८५ मध्येच न्यूयॉर्कच्या जॉन मॉन्टगोमेरी वॉर्डने खेळाडूंची संघटना बांधली. हा वॉर्ड पूर्वी प्रॉव्हिडन्सचाच पिचर, रॅडबर्नचा जुना सोबती. कोलंबियातून कायदा शिकलेला. बेसबॉल खेळाडू म्हणजे मालकाची जंगम मालमत्ता आहे का, असा सवाल करणारा लेख त्याने १८८७ साली मासिकात लिहिला. १८९० साली तर खेळाडूंनी स्वतःची लीग काढली. प्लेयर्स लीग. राखीव नियम नाही, नफ्यात खेळाडूंचा वाटा. बहुतेक मोठी नावं तिकडे गेली. पस्तिशीचा, हाताने थकलेला रॅडबर्नही गेला, बॉस्टनच्या संघाकडून २७ सामने जिंकला आणि त्यांचा संघ अजिंक्य ठरला.

एक मोसम. फक्त एक मोसम चालली ती लीग. तिन्ही लीगना तोटा झाला, पण आधी धीर सुटला तो खेळाडूंच्या बाजूने पैसा लावणाऱ्या भांडवलदारांचा. नॅशनल लीगवाल्यांनी त्यांना एकेकटं गाठून सौदे केले. खेळाडू परत जुन्या मालकांच्या दारात, जुन्याच नियमावर. तो नियम मोडायला डिसेंबर १९७५ उजाडावा लागला. मधे कर्ट फ्लड नावाचा खेळाडू सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि १९७२ साली हरला. शेवटी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅक्नॅली या दोन पिचरांच्या प्रकरणात लवाद पीटर साइट्झ यांनी निकाल दिला की एका वर्षाचं बंधन म्हणजे एकच वर्ष. १८७९ ते १९७५. शहाण्णव वर्षं. आणि निकाल मिळवून देणारे दोघेही पिचरच निघाले, हा योगायोग मला आवडतो.

रॅडबर्न १८९१ ला थांबला. ब्लूमिंग्टनला परतून त्याने दारूचं दुकान आणि बिलियर्ड्सचा धंदा चालवला. शिकारीच्या अपघातात एक डोळा गेला, चेहरा विद्रूप झाला. तो लोकांसमोर यायचं टाळू लागला. आजाराने शरीर पोखरलं आणि ५ फेब्रुवारी १८९७ ला, बेचाळीसाव्या वर्षी तो गेला. १९३९ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. सन्मान झाला तेव्हा तो जाऊन बेचाळीस वर्षं झाली होती, म्हणजे जगला तेवढीच.

आता कोणी म्हणेल, एवढं सगळं ठीक आहे, पण माणूस मोठा होता की नाही? होता. शंभर टक्के होता. त्या दोन महिन्यांत त्याने जे केलं ते दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. त्याचा विक्रम लहान करायचा हेतू नाही. उलट मला तो जुलैमधला रॅडबर्न जास्त मोठा वाटतो, पगार बंद झालेला, निलंबित, आणि तरी मॅनेजर दारात आल्यावर भावनेत वाहून न जाता अट घालणारा. 'संघासाठी करतो' एवढं म्हणून तो राबला असता तरी ५९ झाले असते. पण आपल्या हाताला किती आयुष्य उरलंय हे त्याला ठाऊक होतं, आणि ते फुकट द्यायचं नाही हेही.

आपल्याकडेही एकेक माणूस तिघांचं काम ओढतो, आणि त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. रिक्त जागा मात्र भरल्या जात नाहीत. सुट्टी न घेता तीनशे पासष्ट दिवस राबणाऱ्या कर्मचाऱ्याची बातमी येते, आपण टाळ्या वाजवतो. टाळ्या वाजवाच. पण सोबत दोन प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ. बाकीची माणसं कुठे गेली? आणि या माणसाला नाही म्हणायची सोय होती का?

पोस्ट लांबली, पण इलाज नव्हता. बेसबॉल जाणणाऱ्या मंडळींनी, विशेषतः अमेरिकेतल्या मित्रांनी, कमेंटमध्ये भर घालावी. आणि साठ की एकोणसाठ, यावर तुमचं मतही सांगा. माझं विचाराल तर मी एकोणसाठ धरतो. एक सायक्लोन मिलरला राहू द्या, पाच डाव त्यानेही टाकले होते.